बोटांची लिपी : सॅक्सोफोनचे सोपे टॅब वाचायला शिकताना

सॅक्सोफोनवर 'जी' हा स्वर षड्ज धरला, तर गंधाराला एकच बोट लागते, डाव्या हाताची तर्जनी. शुद्ध मध्यमालाही एकच, त्याच हाताचे मधले. पुढचा पंचम मात्र एकदम दोन्ही हातांची मिळून सहा बोटे मागतो, आणि वर डाव्या अंगठ्याने मागची ऑक्टेव्ह-की दाबावी लागते ती वेगळीच. गळ्याला मध्यमावरून पंचमावर जायला कष्ट पडत नाहीत. हार्मोनियमवर हात जेमतेम सरकतो. पाश्चात्त्य स्टाफवरही, म्हणजे पाच रेघांच्या स्वरलिपीतही, हे दोन स्वर लागूनच लिहिलेले असतात. सॅक्सोफोन शिकणाऱ्याचा सूर मात्र नेमका इथे फाटतो, कारण सहा बोटे आणि अंगठा एका क्षणी, एकत्र बसायला हवीत. एक बोट जरी मागे राहिले तरी मध्येच भलता स्वर डोकावतो.

बोटांच्या टॅबमध्ये हाच प्रवास असा दिसतो : ग = १, म = २, प = अं १२३ ४५६. कोणी समजावून सांगायच्या आधीच कागद सांगतो की इथे थांब, इथे हात जमव. सरगमच्या कागदावर ही चढण दिसत नाही, स्टाफवरही नाही. बोटांच्या लिपीला मी गंभीरपणे घेऊ लागलो ते यामुळे, आणि हे पुस्तकही त्यामुळेच लिहिले गेले.

टॅब म्हणजे कोणता स्वर वाजवायचा यापेक्षा तो कसा वाजवायचा हे लिहिणारी पद्धत. गिटारवाल्यांची टॅब अनेकांनी पाहिलेली असते : सहा रेघा म्हणजे सहा तारा, आणि त्यांवरचे आकडे म्हणजे पडदे. सॅक्सोफोनच्या टॅबमध्ये डाव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांना १, २, ३ आणि उजव्या हाताच्या त्याच बोटांना ४, ५, ६ असे आकडे देतात. करंगळ्यांच्या, तळहाताच्या आणि बाजूच्या कळांना वेगळ्या खुणा. कोणी आकड्यांऐवजी सहा गोल काढून दाबायची बोटे काळी भरतात. कोणी नुसती ए, बी, सी ही स्वरनावे लिहून त्यालाच टॅब म्हणतात. ती खरे तर टॅब नव्हे, कारण नाव वाचून बोट कळत नाही, बोट आधीच पाठ असावे लागते. गोलांची चित्रे पहिल्या दिवशी सर्वांत सोपी वाटतात, पण एक साधे गाणे लिहायला चार पाने भरतात आणि नजर ओळीवर धावत नाही. आकड्यांची ओळ मात्र वाचता येते. या पुस्तकात आकडे आहेत ते म्हणून.

टॅबकडे संगीत शिकवणारी मंडळी जरा नाक मुरडूनच बघतात. ज्याला खरे नोटेशन जमत नाही त्याच्यासाठीची ही पळवाट, असा समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये फ्लॅजोलेट नावाच्या छोट्या बासरीसाठी टॉमस ग्रीटिंगने जे शिकवणीचे पुस्तक काढले, त्यात सहा छिद्रांसाठी सहा रेघा होत्या आणि बुजवायच्या छिद्रांवर ठिपके. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस आणि त्याची पत्नी याच ग्रीटिंगकडे फ्लॅजोलेट शिकत. त्याहून ठळक उदाहरण जपानचे. तिथल्या शाकुहाची या बांबूच्या बासरीची मुख्य लिपीच बोटांची आहे. 'रो', 'त्सु', 'रे', 'ची' ही तिची अक्षरे म्हणजे छिद्रे कशी झाकायची याच्या खुणा. बासरी लांब घेतली तर तेच अक्षर खालच्या सुरात वाजते, आखूड घेतली तर वरच्या सुरात. घराणेदार, ध्यानाशी जोडलेले वादन पिढ्यान्‌पिढ्या या लिपीतून शिकवले गेले आहे आणि तिला कोणी पळवाट म्हणत नाही.

सॅक्सोफोनच्या बाबतीत तर गंमत अशी की त्याचे प्रतिष्ठित स्टाफ नोटेशनसुद्धा आतून बोटांचीच लिपी आहे. अॅडॉल्फ सॅक्स हा बेल्जियममधल्या दिनां गावचा वाद्यकार. त्याने १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचे पेटंट घेतले ते एका वाद्याचे नव्हे, लहानमोठ्या वाद्यांच्या अख्ख्या कुटुंबाचे. सोप्रानो, अल्टो, टेनर, बॅरिटोन या सगळ्यांची बोटे सारखी ठेवली, म्हणजे वादकाला एकावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा शिकावे लागू नये. त्यामुळे स्टाफवर 'जी' लिहिला की अल्टोवाला आणि टेनरवाला दोघेही डाव्या हाताची तीन बोटे दाबतात, आणि दोघांच्या वाद्यांतून दोन निराळे सूर निघतात. अल्टोचा तो 'जी' हार्मोनियमवर काळी पाच असतो, टेनरचा तोच 'जी' पांढरी चार. कागदावरचे चिन्ह सुराचे नाव सांगतच नाही. कोणती बोटे ठेवायची एवढेच सांगते. टॅब हेच उघडपणे करते.

आपल्याकडे संगीत कागदावर उतरवण्याचा खटाटोप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोरात सुरू झाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८० च्या दशकात संगीतशाळा चालवली आणि स्वतःची स्वरलिपी वापरून पुस्तके काढली. बंगालमध्ये कृष्णधन बंदोपाध्याय स्टाफच वापरावा म्हणत होते, तर क्षेत्रमोहन गोस्वामी आणि सौरींद्रमोहन ठाकूर देशी लिपीच्या बाजूचे. त्या वादात प्रश्न होता तो आजही जिवंत आहे : लिपीने ठाम, अचल सूर लिहावा की षड्जाशी असलेले नाते लिहावे?

महाराष्ट्राने दुसरी बाजू घेतली. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत शेकडो चिजा अशा लिपीत छापल्या की सामान्य वाचकालाही ती चार दिवसांत कळावी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली ठिपका, ताराला वर ठिपका, लांबवलेल्या स्वरापुढे आडवी रेघ, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस, समेला फुली, खालीला शून्य. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची लिपी अधिक काटेकोर होती. मात्रेच्या अर्ध्या-पाव भागांसाठी तिच्यात वेगवेगळ्या खुणा होत्या, पण लिहायला आणि छापायला ती जड. व्यवहारात भातखंडे जिंकले ते सोपेपणामुळे. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्याच परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज गावोगाव होतात, आणि मी ज्या पनवेलच्या शिकणाऱ्यांसाठी लिहितो आहे तिथून जवळच, वाशीला, मंडळाचे विद्यालय आहे. प्रारंभिक, प्रवेशिका करत हार्मोनियम किंवा तबला शिकलेले कोणी ना कोणी पनवेलच्या बऱ्याच घरांत सापडते. आणि व्यवहारात लिपी भातखंड्यांचीच जिंकली असल्याने त्यांच्या खुणा इथे घरच्याच आहेत. नव्या वाद्यासाठी लिपी तयार करताना हे भांडवल सोडून देण्यात शहाणपण नाही.

स्टाफचा रस्ता आपल्याकडे आला तो गोव्यातून. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना प्रार्थनेबरोबर सोल्फा आणि व्हायोलिन शिकवत. त्या शाळांतून घडलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत, जॅझ बँडमध्ये आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, साहाय्यक ती सरगममध्ये टिपायचा, आणि सेबॅस्टियन डिसूझांसारखा गोवेकर अरेंजर तिचे स्टाफमध्ये रूपांतर करून प्रत्येक वादकापुढे कागद ठेवायचा. मुंबईच्या स्टुडिओत दोन लिप्या अशा रोज एकमेकींच्या हातात हात घालून काम करत होत्या. मराठी कानाला सॅक्सोफोनची ओळख पटली ती याच स्टुडिओंतून, मुख्यतः मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांच्यामुळे. कोलकात्याहून मुंबईत आलेल्या या वादकाचा अल्टो 'काश्मीर की कली' (१९६४) आणि 'आराधना' (१९६९) या चित्रपटांतल्या गाण्यांत ऐकू येतो, आणि पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदाचे ते बासुदेव चक्रवर्तींबरोबर एक प्रमुख अरेंजर झाले. सॅक्सोफोन हातात घेणारा प्रत्येक मराठी शिकाऊ आजही आधी त्यांचेच तुकडे वाजवायला मागतो. त्यात गैर काहीच नाही.

दक्षिणेत वेगळेच घडले. मंगळुरूजवळच्या नागस्वरवादकाच्या घरातले कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि हे वाद्य कर्नाटक संगीतासाठी वळवून घेण्यात आयुष्य घातले. गमकांसाठी त्यांनी वाद्यातच बदल केले. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रोम्स महोत्सवात ते वाजवून आले. सॅक्सोफोनवर रागसंगीत वाजू शकते की नाही हा प्रश्न त्यांच्यानंतर उरला नाही. हिंदुस्थानी पद्धतीत मात्र या वाद्याचा असा सर्वमान्य धडा अजून घातला जायचा आहे, आणि महाराष्ट्रातल्या शिकाऊंना त्याची उणीव जाणवते.

आता पनवेलकडे येऊ. पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी-कोळी हळदीला ज्याने एक रात्र काढली आहे त्याला इथे वाद्यांची वानवा नाही हे वेगळे सांगायला नको. ब्रास बँड आहेत, बेंजो पथके आहेत, लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणी अजून आहेत, आणि दक्षिणेकडे उतरत गेलात तर सनई-ढोलाचा खालूबाजा. या सगळ्यांत शिक्षण कानाने होते. बँडमधला मुलगा मास्तरांच्या शेजारी उभा राहून वाजवतो, चुकतो, पुन्हा वाजवतो. ही पद्धत कमी दर्जाची आहे असे मी कधीच म्हणणार नाही. हळदीत अर्ध्या रात्री कोणीतरी फर्माईश केली आणि बँडने ते गाणे कधी बसवलेलेच नसले तरी दुसऱ्या कडव्याला सगळे बरोबर येतात, हे स्टाफ वाचणाऱ्या कित्येकांना जमणार नाही.

बेंजोची गोष्ट इथे सांगायलाच हवी. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानचा ताईशोगोतो, १९१२ च्या सुमाराला नागोयात तयार झालेला, आणि त्याच्या बटणांवर पहिल्यापासून आकडे छापलेले. आकडे बघून तार दाबायची, सूर येतो. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावून, स्पीकरला जोडून रस्त्यावर आणले. म्हणजे बोटांची आकडेवारी ही पनवेलच्या मांडवात नवी नाही. सॅक्सोफोनच्या टॅबचा कागद बेंजोवाल्यापुढे ठेवला की तो दचकत नाही. हार्मोनियमवाला त्याच कागदाला अधिक घाबरतो.

गोंधळ होतो तो दुसरीकडे. हल्ली अल्टो सॅक्सोफोन पूर्वीपेक्षा स्वस्तात मिळतो. बँडच्या घरातली मुले तो घेतातच, शिवाय चाळिशी-पन्नाशीतले नोकरदार, निवृत्त शिक्षक, ज्यांचे संगीताशी नाते आजवर फक्त ऐकण्याचे होते असे लोकही घेतात. हाती येतात ते कागद तीन जातींचे असतात. कुठे पेटीसाठी लिहिलेली सरगम, कुठे परदेशी पुस्तकातला स्टाफ, कुठे नुसत्या बोटांची टॅब. सरगमच्या कागदावर 'सा' कुठे धरायचा ते नसते. गायक म्हणतो काळी एक. अल्टोवाल्याने त्यासाठी आपला षड्ज 'बी-फ्लॅट'वर धरायचा असतो आणि टेनरवाल्याने 'ई-फ्लॅट'वर, हे कागद सांगत नाही. त्यांत मधूनच चिनी पद्धतीची अंकलिपीही येऊन मिसळते. तिच्यात १ म्हणजे सा असतो, आणि आमच्या टॅबमध्ये १ म्हणजे तर्जनी. दोन्ही कागद एकाच पिशवीत असले की शिकणारा हतबल होतो आणि चूक आपली आहे असे समजतो. चूक त्याची नसते, त्याला कोणी लिप्यांचा नकाशा दिलेला नसतो.

टॅबच्या उणिवा मी झाकणार नाही, कारण झाकल्या तर पुढे शिकणाऱ्याचेच नुकसान होते. नुसती टॅब लय लिहीत नाही. '१२३ ४' हा आकडा एक मात्रा धरायचा की चार, हे तिच्यात नसते. म्हणून बहुतेक टॅब ज्याला चाल आधीच पाठ आहे त्याच्याच कामाच्या ठरतात. दुसरी उणीव श्वासाची. सॅक्सोफोनमध्ये सूर ओठ, रीड आणि पोटातून येणारी हवा यांतून होतो. बोटे बरोबर असूनही सूर अर्धा पाव उतरलेला असू शकतो आणि टॅबला त्याचा पत्ता नसतो. तिसरी उणीव मिंडेची. कळा पेटीच्या पट्टीसारख्या बंद किंवा उघड्या असतात, त्यामुळे दोन सुरांमधली वाट जबडा सैल करून आणि कळ हळूहळू उचलून काढावी लागते. हे कुठल्याच आकड्यात बसत नाही. शिवाय टॅबमध्ये रागाचे व्याकरण दिसत नाही. कोमल निषाद आणि शुद्ध निषाद यांच्या आकड्यांवरून त्यांचे नाते ओळखू येत नाही, आणि षड्ज बदलला की सगळे आकडे बदलतात.

यावर उपाय म्हणून या पुस्तकात प्रत्येक ओळ दुहेरी आहे. वर भातखंडे पद्धतीची सरगम, मात्रा, विभाग, सम आणि खालीसकट. तिच्या खाली बोटांचे आकडे. लय वरच्या ओळीतून घ्यायची, बोटे खालच्या. एका बाबतीत मात्र मुद्दाम वेगळी वाट धरली आहे. ऑक्टेव्ह-कीसाठी काही परदेशी टॅबमध्ये आकड्यावर ठिपका किंवा रेघ देतात. भातखंड्यांच्या लिपीत वरचा ठिपका तार सप्तकाचा. 'जी' षड्ज धरला तर मध्य सप्तकातल्या पंचमालाच अंगठ्याची कळ लागते. ठिपका दिला असता तर तो पंचम तार सप्तकातला वाटला असता. म्हणून अंगठ्याला 'अं' आणि ठिपका सप्तकासाठीच राखलेला. करंगळ्यांसाठी 'डाक' आणि 'उक', तळहाताच्या कळांसाठी 'त'. या खुणा कोणा मोठ्या ग्रंथातल्या नाहीत. शिकवता शिकवता ज्या टिकल्या त्या ठेवल्या.

गाण्यांचा क्रमही बोटांनीच ठरवला आहे. पेटीवर पहिला राग म्हणून भूप देतात, कारण पाचच स्वर. सॅक्सोफोनवर 'जी'च्या षड्जाने भूप सुरू केला तर गंधारावरून पंचमाकडे, म्हणजे एका बोटावरून सहा बोटे आणि अंगठा, अशी उडी पहिल्याच दिवशी मारावी लागते. त्यामुळे इथे आधी षड्जाच्या आसपास आणि खाली फिरणाऱ्या चाली आहेत : गंधारापासून मंद्र पंचमापर्यंत. या टापूत अंगठा लागत नाही, बोटे एकेक करून वाढतात. धवल्यांसारख्या मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या लग्नाच्या चाली यासाठी उत्तम आहेत. भूप नंतर येतो, तोवर हात जमलेला असतो, आणि मग तो पुन्हा खालच्या 'डी'वर षड्ज धरूनही वाजवायचा आहे. एकच राग दोन ठिकाणी वाजवला की आकडे बदलले तरी सरगम बदलत नाही हे हाताला कळते. टॅबपासून सुटका होण्याची सुरुवात तिथे होते.

सुटका हा शब्द मी विचार करून वापरला आहे. टॅबवर कायम राहावे असे माझे म्हणणे नाही. शेवटच्या भागात तिसरी ओळ येते, स्टाफची. आणि त्यानंतर काही पाने अशी आहेत की खालचे आकडे हळूहळू गाळलेले आहेत. ज्याला पोलिस बँडमध्ये किंवा लष्करी बँडमध्ये भरती व्हायचे आहे त्याला स्टाफ वाचता आलाच पाहिजे, आणि पनवेल-उरणच्या बँडवाल्या घरांतली मुले तिथवर पोहोचावीत ही माझी मनापासून इच्छा आहे. ज्याला हळदीत किंवा गणपतीत वाजवायचे आहे, त्याने सरगमच्या ओळीवर थांबले तरी चालेल. ज्याला फक्त घरी, संध्याकाळी एखादे जुने गाणे वाजवायचे आहे, त्याला दुहेरी ओळही पुरेशी आहे. तिघांनाही एकच पुस्तक पुरावे असा प्रयत्न आहे.

काही गोष्टी जाणूनबुजून वगळल्या आहेत. अल्टिसिमो, म्हणजे वाद्याच्या नेहमीच्या टापूच्या वरचे सूर, इथे नाहीत. त्यांची बोटे वाद्यागणिक बदलतात, त्यामुळे ते कागदावरून शिकणे योग्य नव्हे. मिंड आणि गमक खुणांनी दाखवले आहेत, पण ते कोणाकडून तरी समोर बसून ऐकूनच घ्यावेत. रीड किती जाड असावी यावर लोक तासन्‌तास बोलतात. सुरुवातीला दीड किंवा दोन नंबरची घ्यावी, एवढेच सांगून मी पुढे गेलो आहे.

वाचायला सुरुवात करताना वाद्य हातात घ्यायची घाई करू नका. पहिल्या पानावरची ओळ आधी मात्रा मोजत गा, मग वाद्य न फुंकता नुसती बोटे हलवा, आणि आकडे मोठ्याने म्हणा : एक, एक-दोन, एक-दोन-तीन. हे तीन आकडे म्हणजे ग, रे, सा. ते डोळे मिटून जमले की मग रीड ओली करा.